छापण्याआधी एकदा चालवून तरी पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलांना बारावीच्या आतच कोडिंग शिकवा, असा आग्रह धरणारा लेख गेल्या आठवड्यात आपल्या शिक्षण पुरवणीत वाचला. लेखकाचा उत्साह चांगला आहे, पण शिकवायचे कशावरून, हा प्रश्न त्यांनी वाटेतच सोडून दिला. मी कनिष्ठ महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकवते आणि संध्याकाळी घरी पदवीच्या पहिल्या वर्षाच्या मुलांचा क्लास घेते. माझा सगळा दिवस त्या 'कशावरून'मध्येच जातो. बाजारातली गाईड, कुठल्या तरी सरांच्या झेरॉक्सवर झेरॉक्स झालेल्या नोट्स, आदल्या वर्षीच्या मुलांची जर्नल्स. या कागदांत असलेली भाषा आणि मुलांच्या लॅपटॉपवर चालणारी भाषा यांचा एकमेकींशी फारसा संबंध उरलेला नाही, आणि त्याचा भुर्दंड मार्कांच्या रूपाने मुलांना बसतो. म्हणून हे पत्र.

सी प्लस प्लस या प्रोग्रॅमिंगच्या भाषेपासून सुरुवात करते. अजूनही कितीतरी गाईडांत पहिला प्रोग्रॅम 'आयओस्ट्रीम डॉट एच' आणि 'कोनिओ डॉट एच' या दोन हेडर फायलींनी सुरू होतो. मग 'व्हॉइड मेन', मग पडदा पुसायला 'सीएलआरएससीआर', आणि शेवटी पडदा थांबवून धरायला 'गेटसीएच'. मुलगी घरी जाते, लिनक्सवर जीसीसी हा कंपायलर (लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत नेणारे सॉफ्टवेअर) उघडते आणि अक्षरन् अक्षर तेच टाइप करते. पहिल्याच ओळीला उत्तर येते, अशी फाईलच नाही. ती ओळ सुधारली की कोनिओसाठी तेच उत्तर. ती काढली की 'मेन'ने पूर्णांकच परत द्यायला हवा, अशी तक्रार. मुलीला वाटते आपलेच काहीतरी चुकले. तिने चूक केलेलीच नसते, आणि तिला ते सांगायला तिथे कोणी नसते.

यामागचा इतिहास साधा आहे. बोरलँड कंपनीचा टर्बो सी हा कंपायलर आला १९८७ साली आणि टर्बो सी प्लस प्लस १९९० साली. तेव्हा सी प्लस प्लसला आंतरराष्ट्रीय मानकच, म्हणजे भाषेचे ठरवून दिलेले अधिकृत नियमच, नव्हते. पहिले मानक निघाले १९९८ मध्ये. म्हणजे ती पुस्तके लिहिली गेली तेव्हा टर्बोपुरती बरोबरच होती. टर्बोच्या त्या निळ्या पडद्याशी माझे काही वैर नाही, मीही त्याच्यावरच शिकले. पण मानक आले, कंपायलर बदलले, आणि पुस्तके मात्र नवे मुखपृष्ठ घालून जुन्याच पानांनिशी निघत राहिली. टर्बो हा १६ बिटांचा प्रोग्रॅम. ६४ बिटांच्या विंडोजवर तो चालत नाही. मग आपण काय केले? डॉसबॉक्स नावाचे सॉफ्टवेअर टाकले, जे नव्या संगणकाला जुन्या डॉसचे सोंग घ्यायला लावते, आणि त्यात टर्बो बसवला. पुस्तक खोटे पडू नये म्हणून धडधाकट यंत्राला म्हातारे करायचे, असा हा उलटा कारभार अनेक लॅबमध्ये बिनबोभाट चालू आहे.

याहून त्रासाची गोष्ट म्हणजे जिथे एरर येत नाही ती जागा. प्रोग्रॅम मुकाट्याने चालतो आणि उत्तर मात्र पुस्तकापेक्षा वेगळे देतो. माझ्यासमोर आत्ता एक गाईड उघडे आहे. डेटा टाइपच्या तक्त्यात लिहिले आहे की 'इंट' (पूर्णांक ठेवायचा प्रकार) दोन बाइटचा असतो आणि त्यात उणे ३२७६८ पासून ३२७६७ पर्यंतचे आकडे मावतात. बरे. पुढे फंक्शनच्या धड्यात फॅक्टोरियलचा, म्हणजे १ पासून त्या आकड्यापर्यंतच्या गुणाकाराचा, प्रोग्रॅम आहे. त्यात व्हेरिएबल 'इंट'च आहे, आणि खाली नमुना आउटपुट छापले आहे: ८ चे फॅक्टोरियल ४०३२०. आता ३२७६७ च्या पलीकडे काही मावत नसेल तर ४०३२० आले कुठून? हाच प्रोग्रॅम टर्बोवर चालवला तर तो उणे २५२१६ छापतो, कारण आकडा मर्यादा ओलांडून उलट्या बाजूने आत येतो. आजच्या जीसीसीवर 'इंट' चार बाइटचा असतो, तिथे ४०३२० बरोबर येते. तिथे गाडी अडते ती १३ च्या फॅक्टोरियलला. म्हणजे तक्ता टर्बोचा आणि आउटपुट कॅल्क्युलेटरचे. ही दोन पाने कुठल्याही एका यंत्रावर एकत्र कधीच खरी नव्हती. लेखकाने प्रोग्रॅम एकदा जरी चालवला असता तरी हे त्याच दिवशी लक्षात आले असते.

भाषेचे मानक याबद्दल काय म्हणते, तेही सांगते. 'इंट' दोन बाइटचा असतो असेही ते म्हणत नाही आणि चार बाइटचा असतो असेही नाही. किमान १६ बिट असतील एवढीच हमी आहे. पुढचे कंपायलरवर सोपवलेले आहे. शिकवायची गोष्ट खरे तर ही आहे: भाषेने शब्द कशाचा दिला आहे, आणि या यंत्रावर आज काय दिसते. आमच्या गाईडांना आणि, खेदाने म्हणावे लागते, आमच्या प्रश्नपत्रिकांनाही या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हेच माहीत नाही.

प्रश्नपत्रिकांचे लाडके उदाहरण बघा. 'आय'ची किंमत ५. आणि एकाच सीआउटच्या (पडद्यावर छापणाऱ्या) ओळीत आधी 'आय प्लस प्लस' (आधी किंमत घ्या, मग एकने वाढवा), मग 'प्लस प्लस आय' (आधी वाढवा, मग किंमत घ्या) छापायचे. आउटपुट लिहा, दोन गुण. टर्बो अशी ओळ उजवीकडून सोडवत येतो, म्हणून तिथे ६ आणि ६ मिळतात, आणि उत्तरपत्रिकेच्या नमुन्यातही तेच असते. आता गंमत पाहा. २०१७ च्या आधीच्या मानकांप्रमाणे या ओळीला अर्थच नव्हता. एकाच विधानात एकाच व्हेरिएबलला असे दोनदा हात लावला तर काय होईल याची भाषेने कसलीही हमी दिली नव्हती. कंपायलरने काहीही छापले तरी त्याला चूक म्हणता आले नसते. तेव्हा खरे उत्तर 'सांगता येत नाही' हेच होते, आणि ते लिहिणाऱ्या हुशार मुलाला शून्य मिळत होते. मग २०१७ च्या मानकाने नियम बदलला. सीआउटच्या साखळीत डावीकडचे आधी आणि उजवीकडचे नंतर सोडवायचे, असे ठरले. जीसीसीच्या ११ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२१ पासून, वेगळे काही न सांगता तोच नियम लागू असतो. आज मुलाच्या लॅपटॉपवर त्या ओळीचे उत्तर येते ५ आणि ७. प्रश्न तोच, गुण दोनच. टर्बोवाल्या सरांना ६ आणि ६ हवे आहे, जुने मानक वाचलेल्याला 'सांगता येत नाही' हवे आहे, आणि यंत्र सांगते ५ आणि ७. प्रश्नाखाली भाषेची आवृत्ती छापलेली नसेल तर या तिघांतला बरोबर कोण, हे परीक्षकाने कशावर ठरवायचे?

कोणी म्हणेल, हे आपल्याकडच्या गाईडांचे दुखणे आहे, बाहेर असे नसते. तसे नाही. छापील वर्णन मागे पडणे ही या धंद्यातली जुनीच गोष्ट आहे. सी भाषेचे केर्निगन आणि रिची यांचे मूळ पुस्तक १९७८ चे. खुद्द भाषेच्या कर्त्याने लिहिलेले, आणि कितीतरी वर्षे सगळे जग त्यालाच मानक समजत होते. तरी १९८२ च्या सुमारास परिस्थिती अशी होती की कंपायलरांत 'व्हॉइड' आणि 'एनम' हे प्रकार आलेले, आणि पुस्तकात दोन्हींचा उल्लेख नाही. डेनिस रिची यांनी स्वतः पुढे लिहून ठेवले आहे की प्रत्यक्ष वापरातल्या भाषेचे वर्णन त्यांचे पुस्तक करेनासे झाले होते. म्हणून १९८३ मध्ये समिती बसली आणि १९८९ मध्ये अमेरिकी मानक आले. फरक एवढाच, की तिथे पुस्तक मागे पडले आहे हे मान्य करून कोणीतरी कामाला लागले.

उलट दिशेनेही घोळ होतो. सी भाषेत स्मृतीचा (मेमरीचा) तुकडा एका जागेहून दुसरीकडे उतरवायला 'मेमकॉपी' आहे. दोन जागा एकमेकींवर चढत असतील तर हे वापरू नका, 'मेममूव्ह' वापरा, असे दस्तऐवजात पहिल्यापासून स्वच्छ लिहिलेले आहे. पण वापरले तरी बहुतेक वेळा चालून जायचे, त्यामुळे लोक वापरत राहिले. लिनक्सच्या ग्लिबसी लायब्ररीने (अशी तयार फंक्शने पुरवणाऱ्या संचाने) वेगासाठी नव्या प्रोसेसरांवर उतरवण्याची दिशा बदलली, आणि २०१० च्या अखेरीस फेडोरा १४ हे लिनक्स वापरणाऱ्यांच्या फ्लॅशमधला (ब्राउझरमध्ये व्हिडिओ चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधला) आवाज खरखरू लागला. लायब्ररीवाले म्हणाले, आम्ही तर लिहूनच ठेवले होते. लिनक्सचे जनक लिनस तोरवाल्ड्स यांनी स्वतः खोदून कारण काढले आणि उलट विचारले की वापरणाऱ्याचा आवाज बिघडला असताना दस्तऐवजात काय लिहिले आहे याचे त्याने काय करायचे. पुढे जुन्या प्रोग्रॅमांना जुन्या वळणाचाच मेमकॉपी मिळेल अशी सोय लायब्ररीने केली. या वादात मला दोन्ही बाजू पटतात. मुलांना मी हा किस्सा मुद्दाम सांगते, कारण 'मॅडम, पण चालतंय की!' हे वाक्य मला रोज ऐकावे लागते.

आता पायथॉन ही भाषा. गाईडवाल्यांनी टर्बोतून बाहेर पडून पायथॉनकडे उडी मारली तेव्हा मला हायसे वाटले होते. ते फार टिकले नाही. पायथॉनमध्ये किल्ली आणि तिची किंमत अशा जोड्या ठेवायला 'डिक्शनरी' असते. माझ्या एका विद्यार्थिनीला व्हायवात (तोंडी परीक्षेत) विचारले गेले, 'डिक्शनरीत नोंदी कुठल्या क्रमाने राहतात?' ती म्हणाली, ज्या क्रमाने टाकल्या त्याच. एक्स्टर्नल (बाहेरून आलेले परीक्षक) म्हणाले, डिक्शनरीला क्रम नसतो, वाचून येत जा. तिने वाचले होते, आणि सरांनीही वाचले होते. फक्त सरांनी वाचलेले कागद २०१८ च्या आधीचे होते.

झाले असे. पायथॉन ३.५ पर्यंत डिक्शनरीला खरोखर क्रम नव्हता. शब्दांच्या किल्ल्या टाकून तोच प्रोग्रॅम दोनदा चालवला तरी क्रम बदललेला दिसायचा. डिसेंबर २०१६ मध्ये आलेल्या ३.६ मध्ये डिक्शनरीची आतली मांडणी बदलली. हेतू जागा वाचवण्याचा होता, आणि ३.५ च्या तुलनेत २० ते २५ टक्के स्मृती वाचलीही. क्रम टिकणे हा त्याचा आपोआप मिळालेला फायदा. तेव्हा अधिकृत दस्तऐवजाने बजावले होते की हा आतल्या रचनेचा भाग आहे, यावर विसंबू नका. एक वर्षभर मग अशी अवस्था होती की यंत्र क्रम पाळते आणि कागद म्हणतो, तसे धरू नका. लोक अर्थातच धरू लागले. डिसेंबर २०१७ मध्ये पायथॉनचे जनक गिडो व्हॅन रॉसम यांनी निर्णय दिला की क्रम टिकतो हा आता भाषेचा नियम, आणि जून २०१८ च्या ३.७ पासून दस्तऐवजातही ते हमी म्हणून आले. व्हायवाच्या दिवशी माझी विद्यार्थिनी शंभर टक्के बरोबर होती. तिचे गुण कापले गेले ते गेलेच.

याच मुली 'सेट'लाही (पुनरावृत्ती नसलेल्या नोंदींच्या संचालाही) क्रम असतो असे म्हणू लागल्या की मी त्यांना अडवते. लहान आकडे टाकले की सेट ते चढत्या क्रमाने दाखवतो, आणि पाहणाऱ्याला वाटते नियमच आहे. तिथे भाषेने कसलाही शब्द दिलेला नाही.

पालकांच्या कानाला जास्त लागेल असे आणखी एक उदाहरण देते. निकालपत्रकाचा प्रोग्रॅम हा पायथॉनच्या जर्नलमधला ठरलेला प्रयोग आहे. सरासरी काढायची, 'राउंड' फंक्शनने पूर्ण करायची, ३५ किंवा जास्त असतील तर उत्तीर्ण. नोट्समध्ये लिहिलेले असते की अर्धा आला की वरचा आकडा धरला जातो. पायथॉन २ मध्ये ते खरे होते. पायथॉन ३ मध्ये बरोबर अर्धा आला तर जवळचा सम आकडा घेतला जातो. म्हणजे ३५.५ चे ३६ होतात, पण ३४.५ चे ३४. अर्ध्या गुणावरचा मुलगा नोट्सप्रमाणे पास आणि प्रोग्रॅमप्रमाणे नापास! अधिकृत दस्तऐवजात हा नियम व्यवस्थित दिलेला आहे, तिथे काही खोट नाही. पायथॉन ३ आला डिसेंबर २००८ मध्ये आणि पायथॉन २ ची देखभाल १ जानेवारी २०२० पासून बंद झाली, तरी आमच्या झेरॉक्समध्ये ७ भागिले २ चे उत्तर अजून ३ येते. लॅपटॉपवर ते ३.५ येते.

मला अवघड असे काहीच मागायचे नाही. पायथॉनमध्ये २००१ पासून 'डॉकटेस्ट' नावाची सोय आहे, टिम पीटर्स यांनी लिहिलेली. दस्तऐवजात दिलेली उदाहरणे ती स्वतः वाचते, चालवते आणि खाली छापलेल्या उत्तराशी ताडून पाहते; जुळले नाही तर ओळ दाखवून ओरडते. रस्ट भाषेत दस्तऐवजातले नमुने इतर चाचण्यांबरोबरच चालवले जातात. गो भाषेतही उदाहरणाखाली अपेक्षित आउटपुट लिहिले की ते तपासले जाते. भाषा बनवणाऱ्यांचाही आपल्या कागदावर विश्वास नाही, म्हणून तर त्यांनी ही व्यवस्था केली. सी प्लस प्लसच्या गाईडासाठी असे तयार साधन नसले तरी सगळे प्रोग्रॅम एका फोल्डरमध्ये टाकून एकामागून एक कंपाईल करणारी चार-पाच ओळींची स्क्रिप्ट आमच्या बारावीच्या मुलांना लिहिता येते.

'एवढे कोण करणार, मॅडम? ग्रामीण भागात यंत्रे जुनी असतात,' असे उत्तर मला एका प्रकाशकाच्या प्रतिनिधीने दिले. वस्तुस्थिती उलटी आहे. जीसीसी आणि पायथॉन दोन्ही फुकट आहेत, लिनक्सही फुकट आहे, आणि आमच्या लॅबमधल्या देणगीत मिळालेल्या जुन्या संगणकांवर ही तिन्ही सुखाने नांदतात. आम्हाला यंत्र कधीच कमी पडले नाही. नवीन आवृत्ती म्हणून छापलेल्या गाईडात किंमत तेवढी नवी असते, ही अडचण आहे.

दुसरे उत्तर सहकाऱ्यांकडून येते: परीक्षेत जे विचारतात तेच शिकवा, मुलांचे नुकसान कशाला करता? या म्हणण्यात तथ्य आहे हे मी नाकारत नाही. मीही मुलांना सांगते की परीक्षेत या प्रश्नाला ६ आणि ६ लिहा आणि घरी ५ आणि ७ आले तर घाबरू नका. पण सतरा वर्षांच्या मुलाला हे सांगताना आपण त्याला नेमके काय शिकवत आहोत, याची मला लाज वाटते. जे यंत्र समोर आहे, जे विचारले की लगेच उत्तर देते, त्याला विचारू नकोस, कागदाला विचार! विज्ञान शाखेच्या वर्गात उभे राहून हे बोलायचे.

म्हणून प्रकाशकांना, पेपर काढणाऱ्यांना आणि तो तपासून घेणाऱ्या मॉडरेटरांना विनंती अशी. प्रत्येक पुस्तकाच्या आतल्या पानावर भाषेची आणि कंपायलरची आवृत्ती छापा. छापलेले प्रत्येक आउटपुट त्या आवृत्तीवर चालवून मिळालेले असू द्या. मनाने लिहिलेले नको. 'आउटपुट लिहा' या प्रश्नाखाली आवृत्ती द्या, आणि जिथे भाषेने हमी दिलेली नाही तिथे 'सांगता येत नाही' या उत्तराला पूर्ण गुण द्या. खरे तर असे प्रश्न काढूच नयेत. कामावर कोणी अशी ओळ लिहिली तर तिथला वरिष्ठ ती खोडायलाच लावेल.

पुढच्या वर्षाची गाईड उन्हाळ्याच्या सुट्टीत छापायला जातात. एखाद्या प्रकाशकाला त्याआधी आपले प्रोग्रॅम तपासून हवे असतील तर ते आमच्या मुलांकडे पाठवावेत. प्रॅक्टिकल संपल्यावर लॅब मोकळीच असते. मानधन नको, चुकांची यादी मिळाल्यावर ती दुरुस्त करून छापावी, आणि दुरुस्त न करता छापायची असेल तर निदान ती यादी शेवटच्या पानावर जोडावी.

आपली,
एक संगणकशास्त्र शिक्षिका,
बार्शी, जि. सोलापूर